श्वास एकीकडे, लब-डब एकीकडे: छातीच्या आवाजांची फारकत

बाबांनी परळच्या गिरणीत उमेदीची वर्षं काढली. त्यामुळे आमच्या करी रोडच्या खोलीत खोकल्याची कोणी फारशी दखल घेत नाही. गेल्या पावसाळ्यात मी घरीच जोडलेला स्टेथोस्कोप त्यांच्या छातीला लावला, फाइल घेतली आणि हेडफोन चढवले. ऐकायचं होतं फुप्फुस, ऐकू आलं हृदय. श्वास त्याच्या मागे कुठेतरी दडला होता, गर्दीच्या डब्यात पलीकडच्या माणसाचं बोलणं अर्धवट कानावर यावं तसा.

माझा पहिला हिशेब सोपा होता: हृदय खालच्या पट्टीत, श्वास वरच्या पट्टीत, मधे कात्री चालवली की झालं. तो चुकला. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेणारी मुलं माझ्याकडे येतात, तीही पहिल्या महिन्यात नेमकी तिथेच अडकतात.

पहिल्या आणि दुसऱ्या हृदयध्वनीची, म्हणजे लब आणि डब यांची, बहुतेक ताकद २० ते १५० हर्ट्झमध्ये असते. श्वासाचा आवाज साधारण १०० पासून १००० हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, पण छातीच्या भिंतीतून बाहेर येताना वरचा भाग झपाट्याने विरतो आणि उरलेला जोर २०० हर्ट्झच्या आसपास किंवा खालीच राहतो. म्हणजे दोघांची गाठ पडते ती ऐन भर वस्तीत. लोकलच्या दाराशी उभे राहा. पॉइंटवरून जाताना चाकांचं खडाक्-खडाक् आणि दारातून घुसणारा वारा दोन्ही एकदम कानावर येतात, तरी तुमची गल्लत होत नाही. कान तिथे पट्टी मोजत बसत नाही, तो ताल पकडतो. खालची सगळी रीत या तालावर उभी आहे.

आधी रेकॉर्डिंग, कारण पुढचं सगळं त्यावर

साध्या स्टेथोस्कोपची नळी चकतीपासून दोन बोटांवर कापा. तिच्यात ६ मिलिमीटरची इलेक्ट्रेट माइक कॅप्सूल, भोक चकतीकडे करून, घट्ट बसवा आणि वरून हीट-श्रिंक नळी चढवून बंद करा. हवा कुठूनही निसटता कामा नये. फट राहिली की सगळ्यात आधी खालच्या वारंवारता गळतात, म्हणजे हृदयच जातं. सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी दुकानदार आणि टॅक्सीवाला जुनंच नाव ओळखतात.

माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरची पट्टी घेताना एक गोष्ट जपा. तिथे मॅक्स ९८१४ सहज हातात पडते, पण तिच्यात आवाज आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र बसवलेलं असतं. हृदयाचा ठोका मोठा आला की ती स्वतःच पातळी खाली ओढते आणि मग सावकाश वर सोडते. परिणामी श्वासाचा आवाज हृदयाच्या तालावर हेलकावे खाऊ लागतो. जे वेगळं करायचं तेच तुम्ही आधी एकत्र मळून ठेवलं, आणि नंतर कुठलंही गणित ते सोडवू शकत नाही. मॅक्स ४४६६ घ्या. तिची पातळी स्क्रूने एकदा ठरवली की तिथेच राहते. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर अ‍ॅपमधली गोंगाट कमी करणारी आणि पातळी आपोआप बदलणारी दोन्ही बटणं बंद करा. ही सोय माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते, तिला हृदय म्हणजे गोंगाटच वाटतो.

लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. एक तर माणसाच्या अंगाला लावलेलं उपकरण विजेच्या मुख्य लाइनला जोडलेलं असू नये. दुसरं म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण तिथूनच शिरते. पंखाही बंद. मुंबईत हे मागणं जड आहे, पण एका मिनिटाचा प्रश्न असतो. मी तर शेवटची लोकल गेल्यावरच रेकॉर्डिंग करतो. एकदा संध्याकाळी केलं होतं आणि स्पेक्ट्रोग्रामवर (कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणारं चित्र) सुरेख आडवी रेघ पाहून बाबांना दम्याची शिट्टी ऐकू येतेय असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तो निघाला लोकलचा भोंगा. चकती त्वचेवर नीट दाबलेली नव्हती.

आता या लेखातली सगळ्यात कामाची युक्ती. सरळ तीस सेकंद श्वास घेऊ देऊ नका. एक मिनिट अशा क्रमाने घ्या: दहा सेकंद शांत श्वास, मग श्वास सोडून दहा सेकंद रोखून धरणं, वीस सेकंद श्वास, पुन्हा दहा सेकंद रोखणं, शेवटचे दहा सेकंद श्वास. रोखलेल्या वेळात फुप्फुस गप्प असतं आणि नुसतं हृदय मिळतं. उलटं करता येत नाही, हृदय कोणाला थांबवून धरता येत नाही, म्हणून हा एकतर्फी नमुना सोन्याच्या मोलाचा. श्वास रोखताना जोर लावायचा नाही, कुंथायचं नाही; त्याने छातीतला दाब बदलतो आणि हृदयाचा आवाजही. बाबा पहिल्या खेपेला म्हणाले, "अरे, किती वेळ? जीव जाईल की माझा!" वयस्क किंवा धाप लागणाऱ्या माणसाला सहा-सात सेकंदच सांगा, तेवढ्यात सात-आठ ठोके मिळतात आणि काम भागतं.

चकती कुठे ठेवायची? नुसतं फुप्फुस हवं असेल तर पाठीवर उजव्या बाजूला, खांद्याच्या फऱ्याखाली. तिथे हृदय मुळातच मंद येतं. पण सरावासाठी छातीच्या डाव्या बाजूला समोरून घ्या, म्हणजे दोन्ही आवाज भरपूर मिसळलेले मिळतील.

फाइल साफ करणं

पायथन आणि त्याची गणिताची दोन पॅकेजं, नमपाय आणि सायपाय, एवढं पुरतं. स्वस्त यूएसबी साउंड कार्ड बहुधा ४८,००० हर्ट्झ दराने नमुने घेतं. आपल्याला ४,००० पुरे, कारण त्यात २,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. पण प्रत्येक बारावा नमुना नुसता उचलून घेऊ नका. तसं केलंत तर २,००० च्या वरचा सगळा कचरा दुमडून खाली येतो आणि श्वासासारखाच दिसतो. सायपायचं डेसिमेट आधी गाळतं, मग उचलतं. एका मिनिटाचे २,४०,००० नमुने हातात येतील.

सरासरी वजा करा. लाट कुठे वरून कापली गेली आहे का ते डोळ्यांनी पाहा. हृदयध्वनीची टोकं सपाट दिसली तर पातळी कमी करून पुन्हा रेकॉर्ड करा, दुरुस्ती करत बसू नका. मग २० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, ती बहुतेक हाताची थरथर आणि कपड्याचं घासणं असतं. ५० हर्ट्झची गुणगुण राहिलीच असेल तर अगदी अरुंद खाच-फिल्टर लावा. तोही नाइलाज म्हणून, कारण ५० हर्ट्झ ही हृदयाचीच गल्ली आहे. तिथे रुंद खड्डा खणलात तर चोर सोडून संन्याशाला फाशी.

नंतर स्पेक्ट्रोग्राम काढा: एका वेळी २५६ नमुन्यांची हॅन खिडकी (कडांना हळूहळू विरणारी), दर खेपेला ६४ नमुन्यांची उडी. खिडकी ६४ मिलिसेकंदांची झाली, उडी १६ मिलिसेकंदांची, आणि दोन आडव्या ओळींमधलं अंतर सुमारे १५.६ हर्ट्झ. चित्रात खाली जाड उभे ठिपके जोडीजोडीने दिसतील, ते लब आणि डब. वर धुकट ढग पसरतो आणि विरतो, तो श्वास. रोखलेल्या दहा सेकंदांत ढग नाहीसा झालेला दिसला पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका. माणसाने चोरून श्वास घेतलाय किंवा पंखा चालू आहे.

फिल्टर, आणि तो का पुरत नाही

तरीही सुरुवात फिल्टरनेच करायची, कारण पुढच्या पायरीला तो लागतो. चौथ्या क्रमाचा बटरवर्थ (सायपायमध्ये तयार मिळणारा फिल्टर) घ्या: हृदयासाठी २५ ते १५० हर्ट्झचा पट्टा, श्वासासाठी १५० च्या वरचं सगळं. फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालवा, म्हणजे ठोक्यांच्या वेळा सरकत नाहीत. तो एकाच लांबलचक समीकरणात न लिहिता दुसऱ्या क्रमाच्या तुकड्यांत लिहा. २५ हर्ट्झ ही सीमा २,००० च्या मानाने इतकी खाली आहे की अखंड समीकरणात आकडेमोडीच्या चुका फुगतात आणि कधीकधी सगळी फाइल अनंताकडे धावते.

ऐकून पाहा. श्वास पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटेल, आणि तरी त्यात हृदयाची टकटक उरलेली असेल, कारण लबच्या सुरुवातीचा धक्का १५० च्या वर उडी मारतोच. सीमा २५० वर नेली तर टकटक जाते, पण श्वासाचा गाभाही तिच्याबरोबर जातो. हा फिल्टर तुमच्या रिपोर्टमध्ये तुलनेसाठी ठेवा, उत्तर म्हणून नको.

ठोके शोधणं

हृदयाच्या पट्ट्यातला संकेत घ्या, त्याचं कमाल मूल्य १ होईल असा भागा, आणि प्रत्येक नमुन्याच्या वर्गाला त्याच वर्गाच्या लॉगरिदमने गुणून चिन्ह उलटं करा. ही शॅनन ऊर्जा. नुसता वर्ग घेतला तर मोठे ठोके इतके उंच होतात की मंद डब त्यांच्या सावलीत हरवतो. शॅनन ऊर्जा मधल्या उंचीच्या आवाजांना वर घेते आणि अगदी बारीक खरखर दाबते. लॉगरिदमला शून्य चालत नाही, म्हणून आधी अगदी लहान आकडा मिळवा. मग २० मिलिसेकंदांच्या खिडकीने सरासरी काढली की हृदयाचं आवरण मिळतं, गुळगुळीत टेकड्यांच्या रांगेसारखं.

या आवरणाचं स्वतःशीच सहसंबंधन करा, म्हणजे ते थोडंथोडं सरकवून मूळ आवरणाशी किती जुळतं ते मोजा, आणि ०.४ ते १.५ सेकंदांच्या दरम्यान सगळ्यात उंच शिखर शोधा. ते म्हणजे एका ठोक्याचा काळ. ०.४ च्या खाली पाहायचं नाही, कारण लब ते डब हे अंतर साधारण ०.३ सेकंद असतं आणि त्यालाच पूर्ण ठोका समजून नाडी दुप्पट मोजली जाते. लब कोणता आणि डब कोणता हे अंतरावरून कळतं: शांत बसलेल्या मोठ्या माणसात लब ते डब कमी वेळ, डब ते पुढचा लब जास्त. लहान मुलांत आणि धावून आलेल्या माणसात हा फरक मिटत जातो, तिथे या नियमावर भिस्त ठेवू नका.

ठोके सापडले की अनेकांना मोह होतो: तेवढे तुकडे कापून टाकावेत. हिशेब करा. नाडी ७५ असेल तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. लबसाठी १५० आणि डबसाठी १२० कापले, म्हणजे २७० गेले. एक तृतीयांश श्वास केराच्या टोपलीत. कापायचंच असेल तर स्पेक्ट्रोग्रामवर, फक्त ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, आणि ती जागा आजूबाजूच्या चौकटींच्या सरासरीने भरा. घाईच्या वेळी हे चालून जातं.

खरं काम: दोन याद्या आणि एक मुखवटा

माझा भर ऋणेतर मॅट्रिक्स विघटनावर आहे, सगळे त्याला एनएमएफ म्हणतात. ली आणि स्यूंग यांच्या १९९९ च्या लेखाने ही पद्धत सर्वत्र पोचवली. कल्पना भाजीवालीच्या तराजूइतकी सरळ आहे. स्पेक्ट्रोग्रामचा प्रत्येक उभा स्तंभ म्हणजे काही ठरावीक छापांची बेरीज. एका यादीत छाप असतात, दुसऱ्या यादीत कोणता छाप कधी किती वजनाने वापरला त्याची नोंद. कुठेही उणे आकडा नाही, म्हणून एक छाप दुसऱ्याला खोडू शकत नाही. जे आहे ते फक्त साठत जातं. आवाजाला हे शोभतं.

स्पेक्ट्रोग्रामच्या प्रत्येक घरातली नुसती तीव्रता घेऊन मॅट्रिक्स बनवा. आपल्या मिनिटभराच्या फाइलचं ते १२९ ओळी आणि सुमारे ३,७५० स्तंभांचं असेल. पहिल्यांदा श्वास रोखलेले स्तंभ बाजूला काढा, साधारण ६२५. त्यांच्यावर आठ छापांचं विघटन चालवा. हे आठ छाप म्हणजे या माणसाच्या, या जागेवरच्या, या चकतीतून आलेल्या हृदयाची ओळख. त्यांना कुलूप लावा.

आता पूर्ण फाइल घ्या. हृदयाच्या आठ कुलूपबंद छापांशेजारी बारा नवे, यादृच्छिक आकड्यांनी भरलेले छाप ठेवा आणि पुन्हा विघटन करा. नोंदी सगळ्यांच्या बदलतील, छाप मात्र फक्त नव्या बाराचे. सायकिट-लर्न या पायथनच्या पॅकेजमधल्या तयार एनएमएफला काही छाप गोठवून ठेवणं जमत नाही, म्हणून सुधारणेची पायरी स्वतः लिहा. ती चारच ओळींची आहे: मूळ मॅट्रिक्सला अंदाजित मॅट्रिक्सने घरनिहाय भागा, त्याला छापांच्या ओळी-स्तंभ अदलाबदल केलेल्या मॅट्रिक्सने गुणा, छापांच्या स्तंभांच्या बेरजेने भागा, आणि आलेल्या उत्तराने जुन्या नोंदी घरनिहाय गुणा. छापांसाठी हेच, बाजू बदलून. भागाकारात शून्य येऊ नये म्हणून सगळीकडे बारीकसा आकडा मिळवा. दोनशे फेऱ्या पुरतात. यादृच्छिक आकड्यांचं बीज मात्र लिहून ठेवा, नाहीतर उद्या तेच उत्तर पुन्हा येणार नाही आणि गाइड विचारतील तेव्हा पंचाईत.

इथे एक ठेच हमखास लागते. मोकळे बारा छाप आगाऊ असतात. तेही हृदयाचा थोडा वाटा पळवतात. म्हणून प्रत्येक मोकळ्या छापाची नोंद घ्या आणि तिचं मघाच्या हृदयाच्या आवरणाशी सहसंबंधन तपासा. जो छाप हृदयाच्या तालावर वरखाली होतोय तो हृदयाच्या गोटात टाका. मी ०.५ च्या वर गेला की हलवतो. हा आकडा माझ्या कानाने ठरवलेला आहे, तुमच्या फाइलींवर तो बदलून पाहा. मोकळे छाप चाळीस-पन्नास केलेत तर हा त्रास वाढतो, कमी होत नाही.

मग मुखवटा. हृदयाच्या छापांनी उभा केलेला अंदाज, भागिले दोन्हींची बेरीज: प्रत्येक घरात शून्य ते एकच्या मधला आकडा येईल. हा हृदयाचा मुखवटा, एकमधून तो वजा केला की श्वासाचा. मूळ, म्हणजे फेज (लाट त्या क्षणी चढ-उतारात कुठे आहे ती माहिती) शाबूत असलेल्या स्पेक्ट्रोग्रामला हे दोन मुखवटे वेगवेगळे गुणा आणि उलट रूपांतराने लाटा परत मिळवा. छापांवरून थेट लाट बनवू नका, यंत्रमानव कुजबुजल्यासारखं ऐकू येतं. मुखवट्यांचा आणखी एक फायदा: दोन्ही फाइली एकत्र मिसळल्या की मूळ फाइल जशीच्या तशी परत येते. काही हरवत नाही, फक्त वाटणी चुकीची होऊ शकते. वाटणीची चूक शोधता येते; हरवलेलं शोधता येत नाही.

श्वास रोखलेला भाग नसेल, समजा कोणाची तयार फाइल आलीय, तर वीसही छाप मोकळे सोडा आणि आवरणाशी सहसंबंधन पाहून दोन गट करा. चालतं, पण डावं.

बाकीच्या वाटा थोडक्यात. वेव्हलेट पद्धतीत आवाज लहान-मोठ्या लाटांच्या तुकड्यांत मोडून मोठे गुणांक हृदयाचे आणि लहान श्वासाचे मानून उंबरठ्याने वेगळे करतात. ती जलद आहे, मात्र उंबरठा माणसागणिक बदलावा लागतो. अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरला हृदयाचा वेगळा संदर्भ लागतो, दुसरा माइक किंवा ईसीजी, आणि तो मिळत असेल तर जरूर वापरा. डीप लर्निंगचं काय, हे मुलं दुसऱ्याच मिनिटाला विचारतात. हजारो फाइली आणि त्यांची शुद्ध उत्तरं हातात असतील तर करा. एका मिनिटाच्या फाइलीसाठी रोड रोलर आणू नका.

जमलं की नाही हे कसं कळणार

म्हणूनच श्वास दोनदा रोखायला सांगितला. पहिल्या वेळचे दहा सेकंद छाप शिकण्यात खर्च झाले, त्यांच्यावर परीक्षा घेणं म्हणजे फुटलेला पेपर. दुसऱ्या रोखलेल्या दहा सेकंदांत श्वासाच्या फाइलीत शांतता असायला हवी. तिथली ऊर्जा, भागिले मूळ फाइलीतली त्याच वेळची ऊर्जा, डेसिबलमध्ये काढा. जितकी उणे तितकं बरं. साध्या फिल्टरचाही हाच आकडा शेजारी लिहा. मात्र हा आकडा एकटा फसवतो: सगळंच हृदयाच्या गोटात ढकललं तरी तो उत्तम येतो. म्हणून हृदयाच्या फाइलीत ३०० हर्ट्झच्या वर, श्वास आत घेताना, ढग वाढतोय का तेही पाहा.

तयार फाइलींवर परीक्षा घ्यायची तर फुप्फुसांसाठी आयसीबीएचआय २०१७ चा संग्रह आहे: १२६ रुग्णांची ९२० रेकॉर्डिंग. हृदयासाठी फिजिओनेटचा २०१६ च्या स्पर्धेचा संग्रह. दोन्हींतली एकेक फाइल एकाच दरावर आणा, ठरावीक प्रमाणात मिसळा, वेगळी करा आणि मूळ फाइलींशी ताडा. पण फुप्फुसांच्या त्या फाइलींतही माणसांचं हृदय आहेच. तुमच्या पद्धतीने ते काढलं तर गुण कमी मिळतील. पाठीवरून घेतलेल्या फाइली निवडल्या की हा घोळ कमी होतो.

आणि ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. तो २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. हृदय गायब झाल्याचा आनंद तिथे रोज मिळेल. कान झाकणारे हेडफोन घ्या.

जिथे ही रीत हमखास घसरते

हृदयाची मर्मर. झडपेतून रक्त खळखळतं त्याचा आवाज लब-डबच्या बराच वर, कित्येकदा काहीशे हर्ट्झपर्यंत जातो, आणि ऐकायला हुश्श असा, श्वासासारखाच. फिल्टर त्याला बिनदिक्कत फुप्फुसाच्या फाइलीत टाकतो. श्वास रोखून घेतलेले छाप इथे वाचवतात, कारण मर्मर तेव्हाही चालूच असते.

फुप्फुसातली करकर याच्या उलट. बारीक करकर पाचेक मिलिसेकंदांची, जाडी पंधराच्या आसपास. ६४ मिलिसेकंदांच्या खिडकीत ती पसरट होते आणि हृदयाच्या धक्क्यासारखी दिसते. अशा माणसाची फाइल असेल तर खिडकी १२८ नमुन्यांची करून पुन्हा चालवा आणि करकर कोणत्या गोटात गेली ते कानाने तपासा. शिट्टीचं तसं नाही. ती शंभर मिलिसेकंदांहून लांब, एका सुरात ताणलेली असते, ती सहसा नीट वाचते.

अनियमित नाडीत सहसंबंधनाचं शिखर विस्कटतं, तेव्हा ठोके शिखरांवरूनच मोजा. विघटनाला मात्र नियमित ताल लागत नाही, छाप ओळखीचा असला की पुरे.

बाबांच्या फाइलीतून वेगळा झालेला श्वास मी त्यांना ऐकवला. हेडफोन कानाला धरून त्यांनी थोडा वेळ ऐकलं. "हे तर साच्यांसारखं वाजतंय," म्हणाले. खालच्या डाव्या बाजूला श्वास सोडताना एक लांब सूर होता, जो मिसळलेल्या फाइलीत मला कधी सापडला नव्हता. लॅपटॉपने त्याला आजाराचं नाव द्यायचं नसतं, म्हणून दोन्ही फाइली आणि मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, आपला स्टेथोस्कोप काढला आणि म्हणाले, "काका, पाठ करा इकडे. आता मोठा श्वास."